कोरीट असल्यास गाळावे

एकच नाटक तीन गावांत करायचं असेल, तर ते तीनदा लिहावं की एकदाच, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडत नाही. शहाणा माणूस नाटकच लिहीत नाही. रतिलाल गुरुजींनी मात्र ते लिहिलं होतं, तेही सरकारच्या सांगण्यावरून. आणि सरकारच्या सांगण्यावरून लिहिलेली गोष्ट मागे घेता येत नाही, हे त्यांना फार उशिरा कळलं.

महाराष्ट्र राज्य होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. विकास गटाच्या कचेरीला गावोगाव शेणखताचे खड्डे हवे होते. लोक शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घालतात. ते शेण चुलीऐवजी खड्ड्यात पडावं, अशी वरून इच्छा आली होती. इच्छा वरून आली की ती खाली कुणाच्या तरी डोक्यावर पडतेच. नंदुरबारच्या शाळेत मराठी शिकवणारे रतिलाल गुरुजी स्नेहसंमेलनाचे संवाद लिहीत, तेवढ्या गुन्ह्यावर त्यांना पकडण्यात आलं. त्यांनी ‘खड्ड्यातलं सोनं’ नावाचं तीन अंकी नाटक लिहून टाकलं. त्यात नायक खड्डा खणतो, सासू आडवी येते, पीक भरघोस येतं आणि सासू सरळ होते. एवढंच होतं.

पण प्रयोग तीन ठिकाणी व्हायचे होते: नंदुरबार, खापर आणि कोरीट. खापरला बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं उतरतात. त्यांच्यासमोर नायकाने केळीच्या बागेबद्दल बोलून चालणार नव्हतं; तिथे मका हवा. कोरीट तापीकाठचं, तिथे मक्याबद्दल बोलणाऱ्या नायकाला कुणी मुलगी दिली नसती. तिथे केळी आणि कापूस हवा. आणि नंदुरबारात मिरची हवी. शिवाय नंदुरबार हे शहर असल्यामुळे तिथे ‘खड्डा खणा’ असं सांगायची सोय नव्हती. तिथले लोक असलेले खड्डे बुजवा म्हणून अर्ज करत होते.

तेव्हा गुरुजींनी साधा मार्ग धरला. तीन गावांसाठी तीन वह्या केल्या. आता तीन वह्या म्हणजे तीन लेकरं. एकीची शेंबडाची ओळ पुसली की दुसरीची वाहते. खापरच्या वहीत त्यांनी सासूला दुसऱ्या अंकात मारलं, कारण सासूचं काम करणारे गुलाबसिंग हवालदार यांना संध्याकाळच्या गाडीने जायचं होतं. ही दुरुस्ती बाकीच्या वह्यांत करायची राहिली. आणि खापरच्या प्रयोगात तिसऱ्या अंकाला भटूने नेमकी दुसरी वही उघडली.

भटू हा गुरुजींच्या शेजारचा शिंपी. वाचायला खणखणीत, म्हणून प्रॉम्प्टर. त्याने पडद्याआडून सासूचं वाक्य सांगितलं. गुलाबसिंग हवालदार मिशी पदराखाली झाकून घरी निघाले होते, ते हाक ऐकून परत फिरले आणि दुसऱ्या अंकात मेलेल्या सासूने तिसऱ्या अंकात जावयाला भाकरी वाढली. खापरचे लोक बेहद्द खूश झाले. खड्ड्यात शेण टाकलं तर मेलेलं माणूसही उठतं, असा बोध घेऊन ते डोंगरात परत गेले. गुरुजी मात्र त्या रात्री जेवले नाहीत.

“तीन वह्या नकोच,” दुसऱ्या दिवशी त्यांनी जसोदाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं. “बाड एकच. जे सगळीकडे सारखं, ते काळ्या शाईत. जे फक्त खापरकडं, ते लाल शाईत. फक्त कोरीटचं ते निळ्या. नंदुरबारचं ते नारिंगी. गाव बघायचं, आपला रंग वाचायचा, बाकीचे रंग सोडून द्यायचे. दुरुस्ती एकदाच करायची.”

“आनि माणसं रंग चुकनात म्हंजे?” जसोदाबाईंनी विचारलं.

“रंग कसा चुकेल? डोळे नाहीत का?”

जसोदाबाईंनी फक्त भटूच्या दुकानाकडे पाहिलं, जिथे कालच एका सदऱ्याला दोन रंगांच्या बाह्या लागल्या होत्या.

कल्पना खरोखर चांगली होती. चांगली कल्पना गल्लीत कळली की तिची जी दशा होते, ती हिची झाली. शेजारच्या दगूबाई निवडायचं सूप घेऊन ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, बाया बठेल असतीन ते सासूले तो जी गाळ देस ती नको हं. आमले बी सुना शेतस.” म्हणून त्या शिव्यांना, म्हणजे बायका असतील तर गाळायच्या मजकुराला, पिवळा रंग आला. गुलाबसिंग हवालदारांनी पलटणीतला अनुभव सांगितला. साहेब हजर असला की दारूविरुद्ध एक भाषण हवंच. साहेब नसला की ते म्हणायचं कारण नाही, कारण मग ते ऐकणार कोण? म्हणून जांभळा आला. मग एक बारीक पेच निघाला. साहेब असतील, बायकाही असतील, पण गाव खापर असेल तर दारूच्या भाषणातला ‘तुमच्या बायकांना विचारा’ हा भाग ठेवायचा की गाळायचा? तो भाग जांभळ्यात पिवळा आणि पिवळ्यात लाल असा लिहावा लागला. नंदुरबारच्या दुकानात एवढ्या शाया मिळेनात. मग हळद कालवली, कुंकू कालवलं, धोब्याकडून नीळ आणली. जसोदाबाईंनी देवपूजेला कुंकू मागितलं तेव्हा गुरुजी म्हणाले, “खापरच्या दुसऱ्या प्रवेशातून घे.”

आणि या सगळ्यात एक हिरवा रंग होता. त्या हिरव्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नायकाचं काम करायचा उदेसिंग. खापरच्या लाकूड वखारीत नोकरीला, मूळचा सातपुड्यातला. आवाज असा, की बोलायला लागला की बाजारातली घासाघीस थांबावी. पाठांतराला मात्र त्याचा मनापासून विरोध होता. प्रॉम्प्टर सांगेल ते तो उचलून म्हणे, आणि असं म्हणे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आत्ताच त्याच्या काळजातून निघालं. मधेच अक्कलकुव्यालाही एक जादा प्रयोग ठरला तेव्हा त्याने गुरुजींना सांगितलं, “मास्तर, एक तरी हसायचं वाक्य द्या. शेणावर माणूस किती वेळ हसेल?”

गुरुजींनी त्या घाईत, बसस्टँडवर उभ्या उभ्या, एक वाक्य लिहून दिलं. तापीकाठच्या कोरीटात एक बागाईतदार आहे. पाहुणा दिसला की विहिरीत उतरतो आणि पाहुणा गेला की वर येतो. अक्कलकुव्यात या वाक्याला असा हशा पडला की रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी गाड्या थांबवून विचारलं, काय झालं म्हणून. गुरुजींनाही हसू आलं. आणि हसता हसता त्यांनी एकदम तोंडावर हात ठेवला, कारण कोरीटचा तो बागाईतदार म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ रूपचंद.

रूपचंदभाऊंच्या चिकटपणाबद्दल तापीकाठी दुमत नव्हतं. काडीपेटीतली काडी ते मधून चिरत. पण बाप गेल्यावर याच माणसाने नांगर हातात धरला आणि धाकट्याला शाळेत पाठवलं. रतिलाल मास्तर झाला तो त्याच्या जिवावर. तो उपकार रूपचंदभाऊंनी कधी बोलून दाखवला नाही, हेही खरं. बोलण्यातही त्यांची काटकसर होती. आणि आता तर गुरुजींच्या मुलीचं, जमनाचं, लग्न भाऊंच्या शब्दावर अडलं होतं. गुजरांच्या घरात सोयरीक थोरल्याने बोलायची. प्रकाशा गावच्या मगनभाईंचा मुलगा गुरुजींच्या मनात भरला होता, जमनानेही एकदा लाजून मान हलवली होती. पण प्रकाशाकडून होही येईना आणि नाहीही येईना. भाऊ म्हणत, “कोरीटले नाटक शे ना, मगनभाईले बलाऊ. तठे बोलसूत.” म्हणजे पोरीचं सगळं त्या एका दुपारवर टांगलं होतं. भाऊंचं बिनसलं तर कोण कुणाशी बोलणार?

तेव्हा त्या वाक्याभोवती गुरुजींनी कडुलिंबाच्या पाल्याच्या रसाने हिरवी चौकट काढली आणि समासात लिहिलं, ‘कोरीट असल्यास गाळावे.’ मग जरा निश्चिंत झाले.

एवढ्यात कचेरीला जाग आली. अक्कलकुव्याचा हशा साहेबांच्या कानावर गेला आणि कोरीटचा प्रयोग विकास सप्ताहात घ्यायचं ठरलं. सप्ताहातला प्रयोग म्हटल्यावर संहिता मंजूर हवी. गुरुजी बाड घेऊन कचेरीत गेले. कारकुनाने ते उघडलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

“नाटकं किती आहेत ही?”

“एकच.”

“मग नायकाच्या शेतात एकाच वेळी केळी, मका आणि मिरची कशी?”

“एका वेळी एकच असतं. गाव बघून ठरायचं.”

“म्हणजे तीन नाटकं.”

“नाही हो. एकच. पण गाव बदललं की...”

“मंजुरी एका नाटकाची निघते,” कारकून शांतपणे म्हणाला. “नायकाने काय पीक घ्यायचं ते आधी ठरवून या.”

गुरुजींनी रंगांचा अर्थ समजावून सांगितला. कारकुनाने तो साहेबांना समजावून सांगितला. साहेबांनी तो नीट ऐकून घेतला, आणि तिघांपैकी कुणाला काय कळलं हे आजवर कुणालाही कळलेलं नाही. शेवटी साहेब म्हणाले, “हे हळदी-कुंकू फायलीत चालायचं नाही. टाइप करून घ्या.”

कचेरीच्या टाइपिस्टकडे एकच फीत होती आणि ती काळी होती. पण माणूस कर्तव्याला जागणारा. रंग टाइप होत नाही म्हटल्यावर त्याने रंग शब्दांत टाइप केला. जिथे लाल शाई सुरू व्हायची तिथे ‘लाल सुरू’, जिथे संपायची तिथे ‘लाल समाप्त’. समासातल्या सूचनाही त्याने मजकुरात ओळीने बसवल्या. कंस टाकले नाहीत, कारण कंसाची कळ तुटलेली होती. एक ‘पिवळे समाप्त’ राहून गेलं, त्यामुळे नियमाने पाहिलं तर बायका बसलेल्या असताना पहिल्या अंकाच्या मध्यापासून सगळंच नाटक गाळायला हवं होतं. साहेबांनी प्रत्येक पानावर शिक्का मारला आणि बजावलं, “आता हीच प्रत. एक शब्द कमी नको, एक जास्त नको. मागच्या सप्ताहात एका भजनी मंडळाने मंजूर नसलेला अभंग म्हटला आणि मला उत्तरं द्यावी लागली.”

ही प्रत गुरुजींच्या हातात पडली ती प्रयोगाच्या दिवशी, कोरीटात, मांडवाच्या दारात.

मांडव रूपचंदभाऊंच्या खळ्यात घातला होता. भाऊंनी खळं फुकट दिलं, याचं अख्ख्या गावाला आश्चर्य वाटत होतं. कारण असं होतं, की बैलगाड्यांनी येणाऱ्या लोकांचे बैल दुपारभर खळ्याच्या कडेला बांधलेले राहणार होते, आणि ते शेण कुणाचं, हे भाऊंनी आधीच ठरवून घेतलं होतं. खताच्या प्रचाराचा परिणाम झालेला तो पहिला शेतकरी म्हणायला हरकत नाही. पुढच्या रांगेत भाऊ स्वतः, शेजारी मगनभाई, पागोट्याखाली गंभीर. त्यांच्यापलीकडे साहेबांची खुर्ची. एका अंगाला बायका दाटीवाटीने. त्यांत जसोदाबाई, जमना आणि त्यांच्याबरोबर नंदुरबारहून आलेल्या दगूबाई.

गुरुजींनी भटूला पडद्याआड ओढलं. “हे बघ, घात झालाय. आता रंग नाहीत. ‘हिरवे सुरू’ दिसलं की गप्प. ‘हिरवे समाप्त’ दिसलं की पुढं चालू. ‘लाल सुरू’ला तेच. फक्त निळं वाचायचं. काळं वाचायचं. कळलं?”

“काळं ते सगळंच शे, गुरुजी,” भटू पानं उलटत म्हणाला.

“अरे, काळं म्हणजे ज्यावर काही लिहिलेलं नाही ते काळं!”

भटूने मान हलवली. गुरुजी पडद्याची दोरी सांभाळायला दुसऱ्या बाजूला गेले. ते गेले आणि साहेब सहज म्हणून विंगेत डोकावले. भटूच्या हातातली शिक्क्यांची प्रत पाहून त्यांना समाधान वाटलं. “मंजूर प्रत आहे ना? एक शब्द सोडायचा नाही,” ते म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

आता भटूची अवस्था पाहा. एकीकडे शेजारधर्म, दुसरीकडे पानापानावर गोल जांभळा शिक्का. त्याने आयुष्यात एकदाच शिक्क्याची अवज्ञा केली होती, पोस्टाच्या, आणि त्यापायी त्याला दंड झाला होता. त्याने मनाशी ठरवलं: शिक्का मारेल शे ते वाचनं पडी.

पडदा वर गेला. उदेसिंग डोक्याला मुंडासं बांधून समोर आला. लोक शांत झाले. भटूने सांगायला सुरुवात केली आणि उदेसिंगाने ती उचलली.

“निळे सुरू!” तो गरजला. “तापीमायची आण! निळे समाप्त! लाल सुरू! याहामोगीमातेची आण! लाल समाप्त! मी आजपासून खड्डा खणणार!”

कोरीटकर चाट पडले. एवढ्या शपथा घेऊन, नदीची वेगळी आणि डोंगरातल्या देवीची वेगळी, खड्डा खणणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. ‘समाप्त’ हा शब्द उदेसिंगाने असा काही उच्चारला होता, की पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हात जोडले. गुरुजी पडद्याच्या दोरीपासून भटूला खुणा करू लागले. भटूने त्या पाहिल्या, कपाळाला हात लावला आणि शिक्क्याकडे बोट दाखवलं.

“माझ्या शेतात केळी आहे!” उदेसिंग सांगत होता. “माझ्या शेतात मका आहे! माझ्या शेतात मिरची आहे!”

“इतलं शे ते नाटक कसाले करी ऱ्हायना रे?” मागून कुणीतरी ओरडलं.

सासू आली. गुलाबसिंग हवालदारांनी जावयाचा उद्धार करायला तोंड उघडलं, तोच भटूने त्यांना पुढचा मजकूर सांगितला आणि हवालदारांनी पलटणीच्या शिस्तीने तो म्हटला, “पिवळे सुरू. बायका बसल्या असल्यास यापुढील गाळावे.”

बायकांच्या बाजूला खसखस पिकली आणि लगेच थांबली. “काय गाळी ऱ्हायनात?” एक आवाज आला. “आमले काब्र नही सांगत?” दुसरा आला. हवालदार गोंधळून विंगेकडे पाहू लागले. पिवळे समाप्त कुठेच नव्हतं. त्यांनी एकदा पदर सारखा केला आणि स्वतःच्या जबाबदारीवर मरून पडले. त्या अंकात मरायचं नव्हतं, पण तेवढं एकच काम त्यांना पक्कं येत होतं.

गुरुजींचं सगळं लक्ष आता पुढच्या पानावर होतं. हिरवं त्या पानावर होतं. त्यांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. भाऊ कपाळाला आठी घालून बसले होते, मगनभाई त्यांच्याकडे तिरकं बघून काहीतरी विचारत होते आणि भाऊ खांदे उडवत होते. जमनाने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. गुरुजींना वाटलं, आत्ताच धरणी दुभंगावी. खड्डा खणायचा तर तो आपल्यासाठी खणावा. त्यांनी दोरी सोडली. पडदा अर्ध्यावर येऊन अडकला. पुढच्या रांगेतल्या दोघा तरुण बागाईतदारांनी तो मदत म्हणून परत वर केला.

“हिरवे सुरू,” उदेसिंगाचा आवाज आला, “कोरीट असल्यास गाळावे.”

आणि तो थांबला. कारण भटू थांबला होता. भटूपुढे मोठाच पेच उभा होता. शिक्क्याखाली लिहिलं होतं, गाळा. शिक्का मारणारे म्हणाले होते, काही गाळू नका. एकाच शिक्क्याच्या दोन आज्ञा! तो बोटाने ती ओळ पुन्हा पुन्हा चाचपत राहिला. उदेसिंग हात वर करून तसाच उभा राहिला.

मांडवात एकेक माणूस बोलायला लागला.

“कोरीट म्हंजे आमनंच ना?”

“आमनं नाव काय म्हनीसन घेतं याम्हा?”

“अक्कलकुवाले सांगस आनि आमले गाळस? आमना माघे काय बोलतस रे तुम्ही?”

“वाक्य सांग!” मागची रांग उभी राहिली. “वाक्य सांग ते पुढे जा!”

गुरुजी रंगमंचावर आले. त्यांनी हात जोडले. “मंडळी, ते काही नाही, ते शाईचं आहे. म्हणजे आधी हिरवी शाई होती, आता...” आपण काय समजावतो आहोत हे त्यांनाच कळेना. एवढ्यात साहेब उठले. आपल्या शिक्क्याखाली असं काय आहे, हे त्यांनाही आता ऐकायचं होतं. “वाचा हो,” ते भटूला म्हणाले. “मंजूर आहे.”

भटूने सुटकेचा श्वास सोडला आणि वाचलं. उदेसिंगाने ते उचललं, आपल्या सगळ्यात चांगल्या आवाजात, थेट काळजातून.

“तापीकाठच्या कोरीटात एक बागाईतदार आहे. पाहुणा दिसला की विहिरीत उतरतो आणि पाहुणा गेला की वर येतो!”

कुणी हसलं नाही. अख्ख्या मांडवाच्या माना सावकाश वळल्या आणि रूपचंदभाऊंवर येऊन थांबल्या. बैलांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत होती. गुरुजींना लहानपणी भाऊंनी खांद्यावर बसवून तापी ओलांडून नेलेलं आठवलं आणि त्यांना रडूच यायला लागलं. जमनाचं लग्न मोडलं, भाऊ तुटला, सगळं आपल्या एका बसस्टँडवरच्या वाक्यामुळे.

रूपचंदभाऊ उठून उभे राहिले.

“हाई खोटं शे,” ते म्हणाले.

“भाऊ, मी...” गुरुजी म्हणाले.

“तू चूप ऱ्हाय, रत्या. मास्तर व्हयना आनि खोटं लिखस?” भाऊंचा आवाज चढला. “इहिरम्हा कोन उतरस? त्या इहिरले पायऱ्या तरी शेतस का? सारा गावले माहीत शे, नही शेतस! मी कपासना ढिगम्हा लपेल व्हतू.”

आता बैलही गप्प होते. मग मगनभाईंनी पागोटं काढलं आणि मांडीवर ठेवलं.

“कवळ?” त्यांनी विचारलं.

“कवळ म्हंजे... दिवाळीना मांगे. कपास येचीसन वसरीम्हा टाकेल व्हता तवळ.”

“मी उनू व्हतू त्या दिन?”

भाऊंनी बैलांकडे नजर वळवली.

“मी त्या ढिगले टेकीसन बठेल व्हतू, रूपचंदभाऊ,” मगनभाई सावकाश म्हणाले. “घडीभर बठनू. तुमनी जमनानी सोयरीकनी गोट काढाले येल व्हतू मी. कोनी उनं नही. आनि बठता बठता तो ढिग शिंकना.”

“धूळ व्हती,” भाऊ पुटपुटले.

“मी म्हनं, कपासले पडसं कसं व्हई? मले वाटनं, या घरम्हा काहीतरी बरं नही. उठनू आनि प्रकाशाले चालना ग्यू. तैपासून मी बोलनू नही, ते त्यामुळे!”

आणि मगनभाई हसले. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग ते खुर्चीचा हात धरून मागे कलले. ते हसले म्हणून कोरीट हसलं, बायका हसल्या, साहेब आधी इकडेतिकडे पाहून मग हसले. मेलेले गुलाबसिंग हवालदार उठून बसून हसायला लागले. सगळ्यांत शेवटी रूपचंदभाऊंच्या तोंडावर काहीतरी झालं. ते हसू आहे हे ओळखायला गावाला वेळ लागला, कारण ते त्यांनी फार दिवस कुठेतरी सांभाळून ठेवलं होतं.

“च्या ठेवा रे!” भाऊ घराकडे तोंड करून ओरडले. “सगळास्ले!”

कोरीटात काही क्षण कुणी हललं नाही. मग काही जाणती माणसं भाऊंचा विचार बदलायच्या आत आपापल्या घरून कप आणायला पळाली.

यापुढे नाटकाचं काय झालं, हे विचारायचं कारण नाही. दुसरा अंक कुणी मागितला नाही. उदेसिंग हात वर करून थकला होता, तो मंचाच्या काठावर येऊन बसला. चहा आला. भाऊंनी पहिला कप स्वतःच्या हाताने मगनभाईंपुढे धरला. मगनभाईंनी तो घेतला, जरा वेळ नुसता धरून ठेवला. मांडवातली सगळी माणसं त्या कपाकडे बघत होती. मग त्यांनी बशीत ओतून तो सगळा प्याला, आणि त्याबरोबर बायकांच्या बाजूने एकदम गाणं सुरू झालं.

मंचावर उभे असलेले रतिलाल गुरुजी पार गोंधळले. शेणखताच्या नाटकात गाणं कुठून आलं? त्यांनी भटूच्या हातातलं बाड ओढून घेतलं आणि पानं चाळायला लागले.

“भटू, हे गाणं कुठल्या रंगात आहे?”

“मी नही सांगं, गुरुजी,” भटू घाबरून म्हणाला. “त्यास्नीच सुरू करं.”

जसोदाबाई गर्दीतून वाट काढत मंचाजवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं. गुरुजींनी त्यांना पाहिलं आणि त्यांचा धीरच सुटला. “झालं ते वाईट झालं, पण मी भाऊंच्या पाया पडतो, मगनभाईंना मी स्वतः...”

“अवो, कोनता जगम्हा शेतस तुम्ही?” जसोदाबाई म्हणाल्या. “सोयरीक जमनी. मगनभाईनी च्या पिना. जमेल नही तवलोंग पोऱ्यावाला पोरगीना घरनं पानी तरी लेतस का आपलाम्हा?”

गुरुजींनी मगनभाईंच्या रिकाम्या बशीकडे पाहिलं, मग जमनाकडे पाहिलं. दगूबाईंनी तिला कवेत घेतलं होतं आणि तिचा चेहरा पदराआड गेला होता. चहा प्याला म्हणजे होकार दिला, हे मग कुठे त्यांना कळलं. कळल्यावर त्यांना काय करावं ते कळेना, म्हणून ते तिथेच मंचावर खाली बसले.

भाऊ कप घेऊन त्यांच्याजवळ आले. चहा अर्धाच होता, पण हाताने आणून दिलेला होता. गुरुजींनी तो दोन्ही हातांनी घेतला. भाऊंनी दुसऱ्या हाताने त्यांच्या मांडीवरचं शिक्क्यांचं बाड उचललं, ती ओळ शोधली आणि तिच्यावर अंगठा ठेवला.

“रत्या, याम्हातली इहीर काढी टाक,” ते म्हणाले. “कपास लिख. आनि कोरीटले गाळू नको.”